गॅडोलिनियमची निरगाठ

गेल्या महिन्यात ताईला घेऊन एमआरआय काढायला गेलो होतो. तिला काही महिन्यांपासून डाव्या कानाने कमी ऐकू येत होते आणि मधूनच तोल जात होता, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मेंदूचा आणि कानाच्या नसेचा एमआरआय ‘कॉन्ट्रास्टसह’ करून आणायला सांगितले होते. केंद्रातल्या तंत्रज्ञ मुलीने मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला, वजन विचारले, हाताच्या शिरेत सुई बसवली आणि म्हणाली, “काकू, अर्धे फोटो झाले की मी आत येऊन डाय देईन. तेव्हा मान हलवायची नाही.” ताईने माझ्याकडे पाहिले. “डाय म्हणजे रंग ना रे? आता मेंदूला रंग देणार का हे?”

मी बरीच वर्षे महाविद्यालयात असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच अंगणात येऊन पडला होता. तिथे उभ्या उभ्या मी तिला दोन वाक्यांत काहीतरी सांगितले आणि ती आत गेली. पण त्या दोन वाक्यांनी माझेच समाधान झाले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा रंग नाही. मुलीच्या हातातली कुपी मी पाहिली. आतला द्रव पाण्यासारखा नितळ होता आणि लेबलावर गॅडोटेरिक आम्ल, मिलिलिटरला 0.5 मिलिमोल असे लिहिलेले होते. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला 0.1 मिलिमोल असते. ताईचे वजन 60 किलो, म्हणजे 12 मिलिलिटर औषध आणि त्यात सुमारे 0.94 ग्रॅम गॅडोलिनियम हा धातू. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी हा हिशेब केला आणि थोडा दचकलो. आवर्तसारणीत खाली वेगळ्या काढून ठेवलेल्या दोन ओळींतला हा मूलद्रव्याचा पठ्ठ्या, ज्याचे शरीरात कसलेही काम नाही, तो जवळजवळ ग्रॅमभर माझ्या बहिणीच्या रक्तात जाणार होता.

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसाठी जे आयोडीनचे औषध टोचतात, ते स्वतः क्ष-किरण अडवते आणि म्हणून चित्रात स्वतःच दिसते. एमआरआयमध्ये तसे होत नाही. तिथे दिसते ते शरीरातले पाणी, किंबहुना पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन. चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने उभे असलेले हे प्रोटॉन रेडिओलहरींनी ढकलले की कलंडतात आणि मग आपापल्या वेळाने पूर्ववत होतात. या पूर्ववत होण्याच्या एका काळाला टी-वन म्हणतात, आणि तो ज्या ऊतीत कमी असतो, ती ऊती टी-वन पद्धतीच्या चित्रात उजळ दिसते. गॅडोलिनियमचे औषध चित्रात कधीच दिसत नाही. ते जवळून जाणाऱ्या पाण्याचा हा काळ घटवते आणि दिसते ते बदललेले पाणी. पालखी जवळ आल्याचे जसे टाळांच्या आवाजावरून कळते, तसे हे औषध कुठे पोचले ते आजूबाजूच्या पाण्यावरून कळते.

ही कल्पना एमआरआय यंत्रापेक्षा जुनी आहे. 1946 मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या केंद्रकांचा रेडिओलहरींना मिळणारा हाच प्रतिसाद, स्वतंत्रपणे दाखवले, आणि त्याच सुमाराच्या प्रयोगांत ब्लॉख यांनी पाण्यात फेरिक नायट्रेट घालून प्रोटॉनचा परतीचा काळ घटवला. लोहाच्या आयनात एकेकटे, जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असतात. अशा एकट्या इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे 658 पट असते, त्यामुळे जवळून जाणारा प्रोटॉन त्याच्या धक्क्याने लवकर ताळ्यावर येतो. पुढे पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये या अनुस्पंदनापासून चित्र काढण्याची रीत मांडली, आणि 1978 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना मँगनीजचे क्षार देऊन रक्तपुरवठा तुटलेला हृदयाचा भाग वेगळा ओळखता येतो हे दाखवले. 1981 मध्ये माणसाला फेरिक क्लोराइड पाजून पोट आणि आतडे उजळवून पाहण्याचाही प्रयोग झाला. तत्त्व सिद्ध झाले होते. प्रश्न उरला होता तो विषाचा. मँगनीजचा मोकळा आयन हृदयाला बाधतो, आणि शिरेतून द्यायचे औषध म्हणून असा क्षार कोणी मान्य करणार नव्हते.

मग गॅडोलिनियमच का? या धातूच्या त्रिधन आयनात एकटे इलेक्ट्रॉन सात असतात, म्हणजे चौथ्या एफ कक्षिकेच्या सातही खोल्यांत प्रत्येकी एक भाडेकरू. त्याच ओळीतल्या डिस्प्रोसियमचे चुंबकत्व याहून जास्त आहे, पण त्याचे इलेक्ट्रॉन इतक्या घाईने दिशा बदलतात की प्रोटॉनला त्यांचा मेळ साधत नाही. गॅडोलिनियमचे इलेक्ट्रॉन त्या मानाने संथ असतात आणि हा संथपणाच कामाचा आहे. नावाबद्दल जाता जाता एक गंमत: फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांनी स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या एका काळ्या खनिजाचे पृथक्करण केले, त्या खनिजाला गॅडोलिनाइट नाव पडले, आणि 1880 मध्ये मारिन्याक यांना सापडलेल्या मूलद्रव्याला त्याच्यावरून नाव मिळाले, प्रत्यक्षात गॅडोलिनाइटमध्ये गॅडोलिनियम अगदी नावापुरतेच असते.

पण मोकळा गॅडोलिनियम आयन हा घातक पाहुणा आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपास आणि विद्युतभार त्याहून एक जास्त, त्यामुळे कॅल्शियमच्या वाटा तो अडवून बसतो. शिवाय रक्तातल्या फॉस्फेटशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. तेव्हा तो द्यायचा तर बांधून द्यायला हवा, पण पुरता गुंडाळूनही चालणार नाही. गॅडोलिनियमला नऊ हात धरता येतात असे समजा. आठ हात बांधून ठेवायचे आणि नववा पाण्याच्या एका रेणूसाठी मोकळा ठेवायचा. या जागेवर पाण्याचे रेणू सेकंदाला लाखो वेळा येतात आणि जातात, आणि प्रत्येक रेणू जाताना बदललेला प्रोटॉन घेऊन जातो. आमच्या विषयातली किती तरी सुंदर संयुगे मी फळ्यावर काढली असतील, पण या एका रिकाम्या जागेइतकी नेमकी रचना मला क्वचितच भेटली.

बांधायला दोरी तयारच होती. डीटीपीए नावाचा रेणू जड धातू शरीरातून उपसून काढण्यासाठी माहीत होता आणि टेक्नेशियमला धरून मूत्रपिंडांच्या तपासणीतही वापरला जात होता. धातूला अनेक बाजूंनी पकडणाऱ्या अशा रेणूंना कीलेट म्हणतात; या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी, आणि कोकणात लहानपण गेलेल्या माणसाला त्या पकडीचे वर्णन वेगळे करावे लागत नाही. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम या नांगीत दिले, 1981 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांसह त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांवरचे पहिले अनुभव लिहिले. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत हे औषध आत शिरू देत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्यांची भिंत गळकी असते, तिथे ते पाझरते आणि गाठ उजळते. 1988 मध्ये मॅग्नेव्हिस्ट या नावाने ते अमेरिकेतही मान्य झाले. ताईच्या बाबतीत डॉक्टरांना हेच पाहायचे होते, कारण कानाच्या नसेवरची मिलिमीटरभराची गाठसुद्धा या औषधाने पांढऱ्या ठिपक्यासारखी उठून दिसते.

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत शिकवण्याजोगी वाटते, आणि ती वर्गात मात्र कोणी शिकवत नाही.

मॅग्नेव्हिस्टच्या रेणूवर दोन ऋण भार असतात आणि ते भागवायला सोबत मेग्लुमीन या धन भाराच्या रेणूची जोडी द्यावी लागते, त्यामुळे द्रावणात कणांची संख्या वाढते. त्याची परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांच्या दाटीचे माप, किलोला सुमारे 1960 मिलिऑस्मोल आहे, तर रक्ताची 290 च्या आसपास. आयोडीनच्या औषधांत याच प्रश्नाने पूर्वी रुग्णांना फार छळले होते. तिथे भाररहित, कमी परासारितेची औषधे आली आणि शिरेतली जळजळ, मळमळ, गंभीर प्रतिक्रिया असे सगळेच कमी झाले. त्या शोधाचे यश खरोखर मोठे होते. साहजिकच गॅडोलिनियमच्या बाबतीतही तीच वाट धरली गेली. डीटीपीएच्या पाच आम्लगटांपैकी दोन गटांचे अमाइड केले की भार शून्य होतो आणि परासारिता 789 वर येते. हे गॅडोडायमाइड, बाजारातले नाव ओम्निस्कॅन, अमेरिकेत 1993 मध्ये आले.

आता हिशेब करून पाहा. सीटीसाठी आयोडीनचे औषध शंभर मिलिलिटरच्या घरात देतात, एमआरआयसाठी गॅडोलिनियमचे दहा-पंधरा मिलिलिटर. इतक्या थोड्या द्रावणाच्या परासारितेने रुग्णाचे फारसे बिघडत नव्हते. म्हणजे जो त्रास मुळात लहान होता तो आणखी लहान करण्यासाठी नांगीची दोन टोके बोथट केली गेली. आम्लगटाचा ऑक्सिजन गॅडोलिनियमला जितका घट्ट धरतो, तितका अमाइडचा धरत नाही. डीटीपीएच्या बंधाचा स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट आहे याचे माप, दहाचा बावीसावा घात ओलांडतो, आणि गॅडोडायमाइडचा सतराव्या घाताच्या आसपास राहतो. याचे समर्थनही त्या काळी झाले: रक्ताच्या सामूला हा फरक पुष्कळ कमी होतो, आणि नवा रेणू जस्त, तांबे यांनाही कमी धरतो, त्यामुळे ते धातू गॅडोलिनियमला हुसकावून लावण्याची भीतीही कमी. युक्तिवाद चुकीचा नव्हता. तरीही उत्पादकांनी औषधात थोडा रिकामा लिगँड, म्हणजे गॅडोलिनियम न धरलेली नांगी, जादा घातला होता, मोकळा झालेला आयन कोणी तरी झेलावा म्हणून. मला त्या कुपीत हा जादा लिगँड एखाद्या कबुलीजबाबासारखा वाटतो.

खरा मुद्दा स्थिरांकाचा नव्हताच. गाठ किती घट्ट आहे आणि गाठ सुटायला किती वेळ लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरगाठ कितीही आवळून मारली तरी एक टोक ओढले की ती सरसर सुटते. निरगाठ तशी सुटत नाही. नखे तुटतात, दात लावावे लागतात. डीटीपीए आणि त्याचे भाऊबंद सरळ साखळीचे रेणू आहेत, त्यांचे एक टोक सुटले की पुढचे सुटायला वाट मिळते. याउलट डोटा हा रेणू कड्यासारखा आहे. गॅडोलिनियम त्याच्या पोकळीत बसला की सगळे हात एकदम सुटल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. दोघांना तीव्र आम्लात टाकून पाहिले तर साखळीची गाठ काही सेकंदांत किंवा मिनिटांत सुटते, डोटाची मात्र दिवसच्या दिवस टिकते. ताईच्या कुपीत होते ते हेच, डोटाने बांधलेले गॅडोलिनियम.

आणि ही निरगाठ उशिरा सापडलेली नव्हती. फ्रान्समध्ये गेर्बे कंपनीचे डोटारेम 1989 पासून उपलब्ध होते, अमेरिकेत प्रोहान्स हे कड्याचे औषध 1992 मध्ये, म्हणजे ओम्निस्कॅनच्या आधी मान्य झाले होते. पण निरोगी मूत्रपिंडांच्या माणसात औषधाची निम्मी मात्रा साधारण दीड तासात रक्तातून निघून जाते. इतक्या वेळात सुरगाठही सुटत नाही. त्यामुळे सगळी औषधे सारखीच सुरक्षित वाटत राहिली आणि निवड किमतीवर किंवा सवयीवर होत राहिली.

ज्यांची मूत्रपिंडे बंद पडली आहेत, त्यांच्यात मात्र ही निम्मी मात्रा निघायला तीस तासांच्या वर लागतात. दुर्दैव असे की याच रुग्णांना मुद्दाम एमआरआयकडे पाठवले जाई, कारण आयोडीनचे औषध मूत्रपिंडांना वाईट आणि गॅडोलिनियम निर्धोक असा समज होता. शिवाय रक्तवाहिन्यांच्या चित्रांसाठी दुप्पट-तिप्पट मात्रा देण्याची पद्धत होती. 1997 पासून अमेरिकेत डायलिसिसवरच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी टणक होऊ लागली, सांधे आखडून जागच्या जागी अडकले, काहींना चालणे अशक्य झाले. 2000 मध्ये अशा 15 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण कारण कोणालाच कळत नव्हते. ते 2006 च्या जानेवारीत ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाट गावच्या थॉमस ग्रोबनर या मूत्रपिंडतज्ज्ञांनी सुचवले: त्यांच्या नऊ रुग्णांचा गॅडोलिनियम देऊन एमआरआय झाला होता आणि त्यांतल्या पाच जणांना हा आजार झाला. त्यांनी आधी औषधाचे नाव एक दिले आणि नंतर दुरुस्ती छापून ते गॅडोडायमाइड असल्याचे सांगितले. त्याच वर्षी डेन्मार्कमधून 13 रुग्णांची नोंद आली, आणि तेराही जणांना गॅडोडायमाइडच दिलेले होते.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. ताईच्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्या मुलीने का पाहिला, याचे उत्तर इथे आहे. 2008 मध्ये औषधे मानवी रक्तद्रवात 37 अंशांवर पंधरा दिवस ठेवून पाहिली गेली, तेव्हा भाररहित साखळीच्या औषधांतून सुमारे 20 टक्के गॅडोलिनियम सुटलेले आढळले, मॅग्नेव्हिस्टमधून सुमारे दोन टक्के, आणि कड्याच्या औषधांतून मोजता येईल इतकेही नाही. हा अभ्यास शेरिंगच्याच वारसदार कंपनीत झाला हे लक्षात ठेवून वाचावा, पण आकड्यांतली दरी इतकी रुंद आहे की त्यावरून निष्कर्ष बदलत नाही. मूत्रपिंडांच्या रुग्णांत सावधगिरी सुरू झाल्यावर त्या आजाराचे नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले.

त्यानंतर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असतानाच जपानमधून तोमोनोरी कांदा यांचे निरीक्षण आले. सहा किंवा त्याहून जास्त वेळा हे औषध घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूतले दोन लहान भाग, औषध न देता काढलेल्या चित्रांतही उजळ दिसत होते. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूच्या ऊतीतच गॅडोलिनियम मोजून दाखवले. या रुग्णांची मूत्रपिंडे खराब नव्हती. साठलेल्या धातूने मेंदूला निश्चित अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, तरी 2017 मध्ये युरोपीय औषध संस्थेने शिरेतून द्यायच्या साखळीच्या बहुतेक औषधांचे परवाने स्थगित केले आणि यकृतासाठी लागणारी दोनच ठेवली. अमेरिकेने बंदी न घालता, धातू शरीरात काही प्रमाणात राहतो अशी माहिती रुग्णाला देणे सक्तीचे केले. दोन्हीकडे पुरावा एकच होता. मला स्वतःला युरोपचा निर्णय पटतो. निरगाठ हाताशी असताना सुरगाठीवर विसंबण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

गॅडोलिनियम सोडून देण्याचेही प्रयत्न झाले. यकृतासाठी मँगनीजचे टेस्लास्कॅन आले आणि गेले, लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण आले आणि तेही बहुतेक बाजारातून उठले. सध्याची दिशा मात्रा कमी करण्याची आहे. 2022 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले गॅडोपिक्लेनॉल हे कड्याचेच औषध आहे, पण त्यात पाण्यासाठी एकाऐवजी दोन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, त्यामुळे निम्म्या मात्रेत, म्हणजे किलोला 0.05 मिलिमोलमध्ये काम भागते. एक जास्तीची जागा मोकळी ठेवूनही पकड ढिली पडू द्यायची नाही, यासाठी रसायनशास्त्रज्ञांना फार वर्षे खपावे लागले.

ताई पाऊण तासाने बाहेर आली. औषध जाताना हातात गार वाटले, एवढेच ती म्हणाली. भरपूर पाणी प्यायला सांगून मुलीने सुई काढली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. नस स्वच्छ होती.

त्या रात्री जेवताना ताईने विचारले, “ते तुझं गॅडोलिनियम गेलं का रे अंगातून?” औषध सकाळी अकराला दिले होते आणि घड्याळात आठ वाजले होते, म्हणजे नऊ तास, दीड तासाचे सहा टप्पे, चौसष्टावा भाग शिल्लक. “पंधरा मिलिग्रॅम असेल,” मी म्हणालो. “बाकीचे?” बाकीचे अर्थातच गटारातून नदीकडे निघालेले होते. 1996 मध्ये मिखाएल बाउ आणि पेटर डुल्स्की यांनी जर्मनीतल्या नद्यांत गॅडोलिनियम निसर्गाच्या मानाने फार जास्त असल्याचे दाखवले, आणि ते रुग्णालयांतून येत होते. सांडपाण्याच्या नेहमीच्या शुद्धीकरणात ते अडत नाही, कारण जी गाठ रक्तात सुटत नाही ती टाकीतही सुटत नाही आणि धातू गाळात न बसता पाण्याबरोबर पुढे जातो. ताईने हातातला तांब्या क्षणभर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि मग उचलून पाणी प्यायली.